दीड इंच

आमच्या शाळेच्या मागील पडवीत दोन चाकांची एक जुनी गाडी उभी असे. तिला स्वतःचे यंत्र नव्हते. ट्रॅक्टरच्या मागे जोडावी, की ती निमूटपणे त्याच्यामागून चालू लागे. गावातील मोठी माणसे तिला ट्रेलर म्हणत; मुले मात्र 'पाण्याची गाडी' म्हणत, कारण तिच्यावर एक हजार लिटरची लोखंडी टाकी बसवलेली होती. संस्थेने ती फार वर्षांपूर्वी कोठल्याशा लिलावात घेतली होती. ती कोणत्या देशात घडली, कोणत्या कारखान्यात घडली, हे सांगणारा एकही मनुष्य उरला नव्हता. आणि रंगाचे इतके थर तिच्यावर चढले होते, की तिच्या अंगावर कधी काळी एखादे नाव असलेच, तर तेही त्यांच्याखाली केव्हाच गाडले गेले होते.

ही हकीकत २०१६ सालच्या उन्हाळ्यातील आहे. लातूर जिल्ह्यातील लोक तो उन्हाळा सहसा विसरणार नाहीत. एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. खेड्यांतील अवस्था तर विचारूच नये. आमच्या शाळेच्या आवारात मुलांनी लावलेली १२० झाडे होती. कडुनिंब, करंज आणि काही चिंचा. प्रत्येक झाड दोन मुलांकडे सोपवलेले होते. त्यांतील पुष्कळ झाडे अजून मुलांच्या खांद्यालाही लागली नव्हती. गावापासून तीन किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या विंधनविहिरीला थोडे पाणी होते. तो सज्जन मनुष्य दिवसाआड एक टाकी भरून देई. त्यातील पाणी आधी मुलांच्या पिण्यासाठी, आणि उरलेले झाडांसाठी. ही व्यवस्था त्या जुन्या गाडीवर अवलंबून होती, आणि मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो.

एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पाण्याने भरलेली गाडी उतारावरून येत असता तिचे डावे चाक निखळले. ते चाक रस्त्याने एकटेच धावत गेले आणि बांधावर आदळून पडले. गाडी कलंडली. टाकीचे झाकण उघडले आणि हजार लिटर पाणी पाहता पाहता भेगाळलेल्या जमिनीत जिरून गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु पाण्याच्या गाडीमागून पळत येण्याची मुलांना सवय होती, आणि त्या दिवशी परीक्षा होती म्हणूनच ती वर्गात बसलेली होती, हा विचार मनात आला, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सायंकाळी शाळा समितीची मंडळी जमली. गाडीची देखभाल शिपाईमामांकडे असे. "नट आवळायला विसरला असशील," असे एक सदस्य त्यांना म्हणाले. दुसऱ्याने पगारातून खर्च कापून घेण्याची सूचना केली. मामा खाली मान घालून उभे होते. मीही काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून एका मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांचे वय सत्तरीच्या आसपास असावे. त्यांनी चाकाचा मधला भाग, म्हणजे तुंबा, एका फळीवर उपडा केला आणि एकेक वस्तू बाहेर काढून ओळीने मांडली. सातवीची काही मुले पेपर संपवून भोवती जमली होती. मीही त्यांच्यातच उभा होतो.

बैलगाडीचा तुंबा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. १९७२ सालच्या दुष्काळात मी सातवीत होतो. गावातील मोठी माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात, आणि आमचे आजोबा बैलगाडीतून पाणी वाहून आणीत. त्या वर्षी गाडीचा एक तुंबा उकलला, तेव्हा सुताराने वाळलेल्या बाभळीचा ओंडका घेऊन नवा तुंबा घडवला. त्यात आरे ठोकले, आऱ्यांवर पुठ्ठे चढवले. मग लोहाराने गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लालबुंद केली. तापून ती मोठी झाली होती, म्हणून चाकावर सहज बसली. आणि वरून पाण्याच्या घागरी ओतताच ती आकसली. तेव्हा सगळे चाक असे काही कुरकुरत आवळले गेले, की तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. त्या दिवसांत पाणी इतके मोलाचे होते, की धावेवर ओतलेले पाणी खाली चर खणून एका खळग्यात धरले होते आणि ते बैलांना पाजले. लाकडाच्या तुंब्यात लोखंडी नळी, तिच्यात आस, दोहोंच्या मध्ये वंगण, आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला एक लोखंडी खीळ. एवढाच तो संसार. आजोबा रोज पहाटे गाडी जुंपण्यापूर्वी दोन्ही खिळींना हात लावून पाहत. देवाला हात जोडायचे एखाद्या दिवशी राहून जाई. हे कधी राहत नसे.

मिस्त्रींनी मांडलेला संसार याहून मोठा होता. आसाच्या मुळाशी एक मोठे बेअरिंग आणि टोकाशी एक लहान बेअरिंग. दोन्ही निमुळत्या रुळांची. रूळ सरळ नसून निमुळते का असतात, असे एका मुलाने विचारले. मिस्त्री म्हणाले, "गाडीचं ओझं वरून दाबतं, पण वळणावर चाकाला बाजूनंही रेटा बसतो. निमुळता रूळ दोन्ही सोसतो." मोठ्या बेअरिंगच्या आत एक वाटोळे सील असते, ते ग्रीस बाहेर जाऊ देत नाही आणि धूळपाणी आत येऊ देत नाही. टोकाला एक नट असतो. त्याच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटाला असतात तशा खाचा असतात. त्या खाचेतून आणि आसाला पाडलेल्या भोकातून एक दुहेरी तार घालून तिची टोके वाकवतात. तिला स्प्लिट पिन म्हणतात. सर्वांच्या वर पत्र्याची एक टोपी.

आमच्या मोठ्या बेअरिंगचे रूळ उष्णतेने काळेनिळे पडले होते आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटून गेला होता. पण मिस्त्री तिकडे पाहत नव्हते. त्यांनी आसाच्या भोकात बारीक सळई घालून काहीतरी टोकरले. एक गंजका तुकडा त्यांच्या तळहातावर पडला. तो खिळ्याचा तुकडा होता.

"पिनेच्या जागी हा खिळा कोणी घातला?" त्यांनी विचारले.

मामा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जमिनीकडे पाहत राहिले.

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास जुनी पिन तुटली होती. "गुरुजी, तालुक्याहून पिन आणायला हवी," असे मामांनी मला दोन वेळा सांगितले होते. पिनेची किंमत एक कप चहाइतकीही नव्हती. परंतु त्या दिवसांत माझ्या टेबलावर कागदांचा ढीग होता, आणि मी मान वर न करताच म्हणालो होतो, "सध्या एखादा खिळा घाला. चालते." ते शब्द मला आदल्या सायंकाळी समितीसमोर आठवत होते, आणि तरीही मी गप्प बसलो होतो.

"तो खिळा माझ्या सांगण्यावरून घातला," मी म्हणालो.

मुले माझ्याकडे पाहू लागली. मिस्त्रींनी केवळ "हं" असे म्हटले आणि तो तुकडा ओळीच्या शेवटी, नटाच्या शेजारी ठेवून दिला. मग ते मुलांना समजावून सांगू लागले. डाव्या बाजूचे चाक गाडी पुढे जाताना ज्या दिशेने फिरते, नेमकी तीच साध्या नटाची सुटण्याची दिशा असते. बेअरिंग अडखळू लागले, की ते नटालाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. म्हणून तर पिनेची गरज. खिळा काही दिवस टिकतो, गंजतो, आणि एक दिवस तुटतो; त्यानंतर नट प्रत्येक फेऱ्यागणिक थोडा थोडा मोकळा होत जातो. त्याच रात्री मी समितीला सविस्तर पत्र लिहून घडलेली गोष्ट कळवली आणि खर्च माझ्याकडून घ्यावा, असे त्यात नमूद केले.

परंतु पत्राने चाक फिरत नाही. बेअरिंग हवे होते, आणि खरी अडचण तेथेच होती. प्रत्येक बेअरिंगच्या कडीवर एक क्रमांक कोरलेला असतो. आमची कडी आसावर फिरून फिरून अशी झिजली होती, की त्यावरील अक्षरे पुसून गेली होती. उजवे चाक उघडले, तर त्यातील कड्या गंजाने खाल्लेल्या निघाल्या. मी लातूरला एका दुकानात गेलो. दुकानदार वृद्ध आणि गमती स्वभावाचे होते. ते म्हणाले, "गुरुजी, नंबराशिवाय बेअरिंग म्हणजे पत्त्याशिवाय पत्र. कुठं पोचवू?" त्यांनी मला एक मौज सांगितली. ३०२०७ या क्रमांकाच्या बेअरिंगचे शेवटचे दोन अंक घ्यावेत आणि त्यांना पाचांनी गुणावे, ३५ येतात. त्याच्या भोकाचा व्यास ३५ मिलिमीटर. ३०२०८ असेल, तर ४० मिलिमीटर. "आता तुमचं माप सांगा," असे ते म्हणाले. माझ्याजवळ माप नव्हते. मी रिकाम्या हाताने परतलो.

शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर होता. दरवर्षी आम्ही मुलांना त्याने लाकडी ठोकळे मोजायला लावीत असू. त्या दिवशी तो प्रथमच खऱ्या कामाला लागला. उजव्या बाजूचा आस गंजलेला नव्हता आणि झिजलाही नव्हता. म्हणून मापे तेथेच घेतली. मोठ्या बेअरिंगच्या जागी आसाची जाडी ३.८१ सेंटिमीटर भरली. लहान बेअरिंगच्या जागी मात्र मुलांत वाद झाला. निम्मी मुले ३.१७ म्हणत आणि निम्मी ३.१८. मी स्वतः दोनदा पाहिले. एकदा सतरा दिसले आणि एकदा अठरा.

३८.१ मिलिमीटर! पाचाच्या पाढ्यात हा अंक कोठे येतो? मी दूरध्वनीवरून दुकानदारांना माप सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, पस्तीस आहे, चाळीस आहे. अडतीस आणि वर एक दशांश कुठून आणू?" चाळिसाचे बेअरिंग घेऊन आसावर पत्र्याची पट्टी गुंडाळावी, अशी युक्ती मला सुचली. शिवाय त्याची बाहेरची कडी ८० मिलिमीटरची. आमच्या तुंब्याचे भोक ६५ चे. तेव्हा तुंबाही आतून कोरून मोठा करावा लागला असता. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "तुंबा कोरला तर त्याचा पापुद्रा उरेल. आणि गुरुजी, तुमची ती पट्टी म्हणजे त्या खिळ्याची थोरली बहीण." मी ओशाळलो.

आमच्या सातवीत गावातील शिंप्याची मुलगी होती. ती इतका वेळ फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "सर, हे इंचात असेल का? आमचे बाबा कापड इंचातच मोजतात. त्यांच्या फितीच्या एका बाजूला सेंटिमीटर असतात, पण ती बाजू ते कधी पाहतच नाहीत."

एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. मी तिच्या हाती खडू दिला. तिने ३.८१ ला २.५४ ने भागले. उत्तर आले १.५. बाकी काहीही उरली नाही.

मग मुलांना धीर कसला? सव्वा इंचाचे किती, हे कोणीतरी तोंडीच केले: ३.१७५! सतरा म्हणणारेही चूक नव्हते आणि अठरा म्हणणारेही चूक नव्हते. खरे माप त्या दोघांच्या नेमके मध्ये बसले होते. आम्हाला जो आकडा विद्रूप वाटत होता, तो त्याच्या स्वतःच्या भाषेत चांगला सरळ दीड होता. आमची गाडी इंचांच्या देशातून आलेली होती, आणि आम्ही तिला मिलिमीटरांत प्रश्न विचारीत होतो.

आपल्या देशातही पूर्वी इंच, फूट, शेर आणि तोळे चालत. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून किलो, मीटर, लिटर क्रमाक्रमाने रूढ झाले. माझी आजी अखेरपर्यंत दूध शेरानेच मागत असे आणि गवळी लिटरने घालत असे. दोघांचा हिशेब कसा जुळे, हे त्या दोघांनाच ठाऊक. वस्तूंचेही तसेच असते. कायदा बदलला तरी जुने लोखंड आपले माप बदलत नाही.

मी पुन्हा लातूर गाठले. "दीड इंच आणि सव्वा इंच," असे म्हणताच दुकानदारांचे डोळे चमकले. त्यांनी वरच्या फळीवरून एक जीर्ण सूचीपुस्तक काढले, चष्मा पुसला आणि आतल्या व्यासाखाली बोट फिरवीत गेले. "बाहेरचं माप?" त्यांनी विचारले. मोठ्याचे ६.५१ सेंटिमीटर होते. ते स्वतःशीच पुटपुटले, "दोन पूर्णांक नऊ सोळांश इंच," आणि त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. इंचांच्या मापाची बेअरिंग आजही तयार होतात. सव्वा इंची दोन त्यांच्याजवळच होती. दीड इंची हैदराबादेहून मागवावी लागली. ती यायला चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत मुले घरून येताना बाटलीत उरलेले पाणी झाडांना घालीत. मी ते पाहत असे, आणि काही बोलत नसे.

तिकडे मिस्त्रींचे काम चालू होते. डाव्या बाजूच्या आसावर जेथे कडी घसरून घसरून खोलगट चर पडला होता, तेथे त्यांनी वेल्डिंगने धातू चढवला आणि तो लेथवर उतरवत उतरवत बरोबर दीड इंचावर आणला. पाहायला गेलेल्या मुलांना त्यांनी मायक्रोमीटर हातात दिला. "कडी बोटानं ढकलली तर जायला नको, आणि हातोड्यानं फोडून काढावी, इतकी घट्टही नको," असे ते म्हणाले. टोपी बांधावर चेपून गेली होती. तिच्या जागी एका मुलाने घरून स्टीलची लहान वाटी आणली. तिचा काठ किंचित ठोकताच ती तुंब्यावर जणू त्यासाठीच घडवल्यासारखी बसली. त्याच्या आईला हे विचारलेले होते की नव्हते, याची चौकशी मी मुद्दामच केली नाही.

सील मात्र कोठेही मिळेना. तेव्हा मिस्त्रींनी विचारले, "जुना बुरणूस आहे का कोणाकडं?" बुरणूस म्हणजे लोकर दाबून केलेले जाड पांघरूण. माझ्या घरी आईच्या वेळचा एक होता. कसरीने खाल्लेला, तरी मध्यभागी चांगला. गावातील चांभारकाकांनी आपल्या रापीने त्यातून दोन नेटक्या वाटोळ्या चकत्या कापून दिल्या. मिस्त्रींनी त्या कोमट तेलात रात्रभर भिजत ठेवल्या. रबराची सिले येण्यापूर्वी पुष्कळ गाड्यांत असेच लोकरीचे सील असे, हे मला त्यांच्याकडून कळले. माझ्या आईने त्या बुरणुसात मला लहानपणी गुंडाळले असेल. आता तो पाण्याच्या गाडीच्या तुंब्यात जाऊन बसला.

अकराव्या दिवशी चाक बसले. बेअरिंग तळहातावर घेऊन त्यात ग्रीस कसे दाबून भरावे, हे मुलांनी शिकून घेतले आणि त्यानंतर आपले सदरेही त्याच कामी लावले. शेवटी मिस्त्रींनी नट आवळला. चाक जड फिरू लागेपर्यंत त्यांनी तो आवळत नेला. मग जरासा मागे घेतला, आणि खाच भोकासमोर येताच थांबले. चाकाला हाताने झोका देताच ते कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिले. "फार आवळलं तर तापेल, फार सैल सोडलं तर डुलेल," एवढेच ते म्हणाले. स्प्लिट पिन मी स्वतः विकत आणली होती. एक नव्हे, डझनभर. पण ती घालण्यासाठी मी हात पुढे केला नाही. ती मामांनी घातली आणि पकडीने तिची दोन्ही टोके वाकवली.

त्या अकरा दिवसांत १२० पैकी १४ झाडे वाळली. त्यांतील दोन चिंचा होत्या. ज्या मुलांची ती झाडे होती, त्यांना मी वर्गात उभे करून काही सांगावे असे ठरवले होते. पण ते मला जमले नाही. पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत आम्ही पुन्हा रोपे लावली आणि त्यांतल्या एका चिंचेवर त्या मुलांनी माझे नाव घातले.

पहिल्या खेपेला मी ट्रॅक्टरबरोबर गेलो. परतताना त्या उताराच्या माथ्यावर मामांनी गाडी थांबवायला सांगितली. ते खाली उतरले, डाव्या चाकाजवळ गेले आणि त्या चकचकीत वाटीवर त्यांनी आपला तळवा ठेवला. काही क्षण ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी वर पाहून मला खूण केली. मीही उतरलो आणि हात लावून पाहिला. एप्रिलचे ऊन डोक्यावर होते. वाटी उन्हाने कोमट झाली होती, तिच्यामागचा तुंबा मात्र गार होता. "चला," मामा म्हणाले, आणि आम्ही उतार उतरू लागलो.